सुई हलली म्हणून भिंत वाचत नाही

३० सप्टेंबर जवळ आला की मराठवाड्यात १९९३ च्या किल्लारी भूकंपाच्या स्मरणाचे कार्यक्रम होतात. मागे अशाच एका कार्यक्रमाला मी श्रोता म्हणून बसलो होतो. वक्ते तयारीचे होते, आवाज खणखणीत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: खडकावर ताण आला की त्याचे चुंबकत्व बदलते, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे. आपल्या महाराष्ट्रात, अलिबागला, शंभर वर्षांहून जुनी चुंबकीय वेधशाळा आहे. मग १९९३ साली तिथली सुई हलली नसेल का? हलली असेल तर ती कोणी पाहिली नाही, किंवा पाहिली आणि दडवली. तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यात चुंबकमापी बसवा, भूकंप दोन आठवडे आधी कळेल. टाळ्या पडल्या. लगेच आभारप्रदर्शन झाले आणि प्रश्नोत्तरांना वेळ उरला नाही. म्हणून उत्तर इथे लिहितो आहे.

आधी त्यांचे जे बरोबर आहे ते मोकळेपणाने मान्य करतो, कारण ते बरेच आहे. खडकात मॅग्नेटाइटसारखी खनिजे असतात. आपला काळा कातळ, म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, त्यांनी भरलेला आहे. अशा खडकावरचा ताण बदलला की त्याचे चुंबकत्वही किंचित बदलते. प्रयोगशाळेत हे मोजता येते: ताणात दहा वातावरणांच्या दाबाइतका फरक पडला, तर चुंबकत्वात साधारण हजारात एक भाग एवढा फरक पडतो. दुसरी वाट पाण्याची. खडकाच्या बारीक छिद्रांतून दाबाखाली पाणी सरकते, सरकताना विद्युतभार वाहून नेते, आणि जिथे प्रवाह तिथे चुंबकीय क्षेत्र. या दोन्ही गोष्टी पाठ्यपुस्तकातल्या आहेत. त्यांना जावईशोध म्हणणारा मी नव्हे.

प्रत्यक्ष भूकंपातही हा परिणाम पकडला गेला आहे. कॅलिफोर्नियात १९८६ साली नॉर्थ पाम स्प्रिंग्ज इथे आणि १९९२ साली लँडर्स इथे भूकंप झाले, तेव्हा आधीपासून बसवलेल्या चुंबकमापींनी क्षेत्रातली उडी नोंदवली. लँडर्सची तीव्रता ७.३ होती. भेगेपासून सुमारे १७ किलोमीटरवरच्या केंद्रात ही उडी एका नॅनोटेस्लाच्या आसपास भरली. गणिताने जेवढी यायला हवी होती, जवळपास तेवढीच. सिद्धान्त आणि निरीक्षण यांची अशी गाठ पडणे ही मोठी गोष्ट आहे.

वक्त्यांनी मात्र इथे थांबायला हवे होते. कारण ही उडी दिसली ती भूकंप होताना, भेग सरकताना. त्याआधीच्या दिवसांत, आठवड्यांत, तासांत तिथे काहीही वेगळे नोंदले गेले नव्हते. 'भूकंपाने चुंबकीय क्षेत्र बदलते' या वाक्यापासून 'चुंबकीय क्षेत्र बदलले म्हणजे भूकंप येणार' या वाक्यापर्यंतची उडी वक्त्यांनी एका श्वासात मारली. ताप आला की अंग गरम होते, हे खरे. म्हणून अंग गरम लागलेल्या प्रत्येकाला उद्या ताप येणार असे कोणी वैद्य म्हणत नाही. उन्हातून आलेला माणूसही गरमच लागतो.

आता या नॅनोटेस्लाचा आकार किती, ते पाहू. बहुतेक फोनमध्ये होकायंत्रासाठी एक छोटा चुंबकमापी असतो आणि त्याचे आकडे दाखवणारी ॲप फुकट मिळतात. मी माझा फोन जेवणाच्या लाकडी टेबलावर ठेवला. आकडा ४३ मायक्रोटेस्लाच्या आसपास खालीवर होत राहिला. आपल्याकडे पृथ्वीचे क्षेत्र साधारण तेवढेच आहे. फोन गोदरेजच्या कपाटाजवळ नेला तशी आकड्याने उसळी घेतली. किल्ल्यांचा जुडगा शेजारून फिरवला तरी आकडा नाचला. आता हिशेब करा. एका मायक्रोटेस्लात हजार नॅनोटेस्ला असतात. फोनच्या पडद्यावर दशांशचिन्हानंतरचा पहिला आकडा एकाने बदलला, तर तो बदल शंभर नॅनोटेस्लांचा. कॅलिफोर्नियाला हादरवणाऱ्या ७.३ तीव्रतेच्या भूकंपाने १७ किलोमीटरवर दिलेली खूण याच्या शंभराव्या हिश्शाइतकी होती.

वेधशाळेतली उपकरणे फोनपेक्षा कितीतरी नाजूक असतात, एक नॅनोटेस्ला त्यांना सहज कळतो. पण कळणे वेगळे आणि ओळखणे वेगळे. रोज सूर्य डोक्यावर येतो तेव्हा वातावरणाच्या वरच्या थरांत विद्युतप्रवाह वाहतात आणि जमिनीवरचे क्षेत्र दिवसभरात कित्येक दहा नॅनोटेस्लांनी वरखाली होते. सूर्यावर स्फोट झाला की चुंबकीय वादळ येते, आणि मग शेकड्यांत बदल होतो. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने १८५९ च्या सप्टेंबरात, इतिहासातल्या सर्वांत प्रसिद्ध सौरवादळात, क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आल्याची नोंद केली. जगभरचे अभ्यासक आजही त्या नोंदीकडे परत परत जातात. एवढ्या गदारोळात एका नॅनोटेस्लाची कुजबुज ऐकायची, म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत ढोलताशांच्या मधोमध उभे राहून मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकण्यासारखे आहे.

शिवाय हा गोंगाट सगळाच आकाशातून येत नाही. खुद्द अलिबागची वेधशाळा जन्माला आली ती याच कारणाने. कुलाब्यात १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचे ठरले. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांना पुढचे संकट कळले: ट्रामच्या विजेने कुलाब्याच्या नोंदी नासणार. म्हणून समुद्रापलीकडे अलिबागला, बांधकामात लोखंड टाळून, नवी वेधशाळा उभारली गेली. १९०४ पासून दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, त्यांची तुलना केली, आणि मगच कुलाब्याचे काम थांबवले. १९०७ ला विजेची ट्राम धावू लागली. ज्या वेधशाळेचा दाखला देऊन वक्ते टाळ्या घेत होते, तिच्या स्थापनेतच त्यांच्या मागणीचे उत्तर आहे. जिल्ह्याच्या गावी, एसटी स्टँडच्या, ट्रान्सफॉर्मरच्या आणि रेल्वेच्या तारांच्या शेजारी बसवलेला चुंबकमापी भूकंपाआधी गावातल्या पाणीपुरवठ्याच्या पंपाचे वेळापत्रक सांगेल.

आता अलिबागने किल्लारी पाहिली का, हा त्यांचा मुख्य प्रश्न. किल्लारी अलिबागपासून सुमारे ४०० किलोमीटर दूर आहे. खडकातल्या ताणाची चुंबकीय खूण अंतरासोबत फार वेगाने विरते. अंतर दुप्पट झाले की ती निम्मी न होता साधारण आठव्या हिश्शावर येते. किल्लारीची तीव्रता ६.२ होती, म्हणजे सुटलेली ऊर्जा लँडर्सच्या चाळिसाव्या हिश्शाच्या आसपास. लँडर्सने १७ किलोमीटरवर एक नॅनोटेस्ला दिला, तर किल्लारीने ४०० किलोमीटरवर काय द्यावे? सुई हलण्यासारखे तिथे काही पोचलेच नसणार. राहिला दडवण्याचा आरोप. अलिबाग ही इंटरमॅग्नेट या जागतिक जाळ्यातली वेधशाळा आहे, तिच्या नोंदी जगभरच्या संशोधकांसाठी उपलब्ध आहेत. ज्या वहीची पाने जगासमोर उघडी आहेत, त्या वहीत गुपित कोण लपवील? आरोप करण्याआधी ती वही उघडून पाहण्याचे कष्ट मात्र घ्यावे लागतात.

यावर वक्त्यांच्या बाजूचा जाणकार म्हणेल: कॉरॅलिटॉसचे काय? हा प्रश्न रास्त आहे आणि या वादाचा कणाच तो आहे. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटाचा ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्रापासून अवघ्या सात किलोमीटरवर, कॉरॅलिटॉस इथे, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अँटनी फ्रेझर-स्मिथ यांचा अतिमंद लहरी मोजणारा चुंबकमापी चालू होता. त्याच्या नोंदींत भूकंपाच्या साधारण बारा दिवस आधीपासून क्षेत्राची चळवळ वाढलेली दिसली आणि शेवटच्या तीन तासांत ती कित्येक पटींनी वर गेली. १९९० मध्ये हा निबंध छापून आला आणि जगभर खळबळ उडाली. त्यानंतरची वीस वर्षे भूकंपाच्या चुंबकीय पूर्वसूचनेवरचा जवळपास प्रत्येक लेख याच आलेखापासून सुरू होत असे. दोन आठवड्यांचा वायदा आपल्या वक्त्यांनी आणला तोही इथूनच.

२००९ मध्ये दोन स्वतंत्र अभ्यास आले. वॉलेस कॅम्पबेल यांनी दाखवले की त्या दिवसांतली बरीचशी चळवळ सूर्यामुळे होणाऱ्या नैसर्गिक चुंबकीय हालचालीशी जुळते. थॉमस, लव्ह आणि जॉन्स्टन यांनी कॉरॅलिटॉसच्या नोंदी दूरच्या वेधशाळांच्या नोंदींशेजारी ठेवल्या आणि त्यांचा निष्कर्ष असा निघाला की उपकरणातच बिघाड असण्याची शक्यता जास्त आहे. दोन्ही स्पष्टीकरणे एकच नाहीत, हे मला मान्य. पण दोन्हींत एक गोष्ट समान आहे: त्या आलेखाला भूकंपाची गरज नाही. एकच यंत्र, एकच ठिकाण, एकच भूकंप, आणि तपासून पाहायला शेजारी दुसरे यंत्र नाही. अशा पुराव्यावर कोर्टात शेताच्या बांधाचा वादसुद्धा जिंकता येणार नाही.

मग असा भूकंप हवा, जिथे यंत्रे आधीपासून दाटीने बसवलेली असतील. निसर्गाने तोही दिला. सान अँड्रियास भेगेवरच्या पार्कफील्ड या खेड्याजवळ ठरावीक वर्षांनी सहाच्या आसपास तीव्रतेचा भूकंप होतो असे दिसत होते. अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९८५ साली अधिकृत भाकीत केले की पुढचा १९९३ च्या आत येईल. त्यासाठी परिसरात चुंबकमापी, ताणमापी, विहिरींतली पाणीपातळी मोजणारी साधने, भूकंपमापी असा सगळा सरंजाम मांडून ठेवला. १९९३ उलटले, भूकंप आला नाही. तो आला २८ सप्टेंबर २००४ ला, तीव्रता ६.०. सगळी यंत्रे जागी होती. भेग सरकताना चुंबकीय क्षेत्रात सुमारे ०.३ नॅनोटेस्लाची उडी नोंदली गेली. तिच्याआधी काही नाही. वक्त्यांच्या मागणीचा जगातला सर्वांत नीट मांडलेला प्रयोग हाच, आणि त्याचा निकाल हा. कॉरॅलिटॉसचे नाव घेणाऱ्याने पार्कफील्डचे नाव गाळणे हा विसराळूपणा नसतो.

नेमके हेच गाळणे या सगळ्या युक्तिवादाच्या मुळाशी आहे. १८५५ च्या एदो भूकंपाची, म्हणजे आजच्या टोकियोतली, एक गोष्ट सांगतात. चष्म्याच्या एका दुकानात मोठा लोहचुंबक होता, त्याला खिळे चिकटवून ठेवलेले असत. भूकंपाच्या दोनेक तास आधी ते सगळे गळून पडले म्हणे. गोष्ट गोड आहे. पण खिळ्याला धरून ठेवते ती चुंबकाची स्वतःची ओढ, आणि चुंबकाजवळ ती पृथ्वीच्या क्षेत्राच्या कितीतरी पट असते. पृथ्वीच्या क्षेत्रात दोन-चार नॅनोटेस्लांनी इकडेतिकडे झाले तर खिळ्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. त्याहून मोठा प्रश्न असा की, जपानात त्या शतकात किती दुकानांत किती वेळा खिळे पडले आणि भूकंप आला नाही, याची नोंद कोणी ठेवली? कावळा बसला आणि फांदी मोडली तेवढ्याचीच गोष्ट होते. बसून उडून गेलेल्या हजार कावळ्यांची गोष्ट कोणी सांगत नाही.

एक हिशेब वक्त्यांनी स्वतःच करून पाहावा. समजा, महिन्यातून तीन वेळा चुंबकीय क्षेत्र नेहमीपेक्षा जास्त अस्वस्थ होते. प्रत्येक अस्वस्थतेनंतर आपण दोन आठवड्यांची मुदत देतो. तीन चौदे बेचाळीस. महिन्याचे दिवस तीस. म्हणजे कॅलेंडरातला जवळपास प्रत्येक दिवस कोणत्या ना कोणत्या इशाऱ्याखाली येतो, आणि कोयनेसारख्या जागी, जिथे १९६० च्या दशकापासून लहानमोठे धक्के चालूच आहेत, तिथे जवळपास प्रत्येक भूकंपाचे भाकीत 'खरे' ठरते. सूर्याच्या हालचालीने भूकंप घडतात का, हेही लव्ह आणि थॉमस यांनी २०१३ मध्ये दीर्घ काळच्या नोंदी लावून तपासले. संबंध सापडला नाही.

'म्हणजे मोजायचेच नाही का?' असे आता कोणी चिडून विचारील. मोजायचे, आणि नीट मोजायचे. दोन वाट्या अंगणात थोड्या अंतरावर ठेवल्या तर पाऊस दोन्हींत सारखाच पडतो. एकीत कमी पाणी साठले तर तिच्यावर कुठल्या वळचणीचा आडोसा आहे ते पाहता येते. भूचुंबकशास्त्रज्ञ हेच करतात. काही किलोमीटर अंतरावर दोन केंद्रे ठेवतात, एकातून दुसरे वजा करतात. सूर्याचा वाटा दोन्हींत सारखा असल्याने गळून जातो आणि उरते ते जमिनीचे. गढवालमधल्या घुत्तू इथे वाडिया संस्थेने चुंबकमापींच्या सोबतीला रेडॉन, भूजल, गुरुत्व अशी अनेक साधने एकत्र मांडली आहेत, ती एकट्या सुईवर विश्वास टाकता येत नाही म्हणूनच. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दशकभराच्या नोंदींचा एक अभ्यास आला. त्यात भूकंपाआधीचे दिवस आणि भूकंप नसलेले दिवस समोरासमोर ठेवून तपासले होते. २४ ते ७२ तास आधी एक क्षीण संकेत त्यांना दिसला, आणि त्याला लेखाच्या शीर्षकातच त्यांनी 'माफक' म्हटले. उद्या तो टिकेल किंवा टिकणार नाही. पण रीत ही अशी असते. गावे रिकामी करण्याचे हुकूम 'माफक' संकेतावर निघत नाहीत.

चुंबकीय मापनाने किल्लारीला खरोखर जे दिले, त्याबद्दल त्या व्याख्यानात एक शब्दही नव्हता. भूकंपानंतर जमिनीखालच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांच्या नोंदी घेऊन, म्हणजे मॅग्नेटोटेल्युरिक पद्धतीने, तिथल्या काळ्या कातळाच्या खाली काय आहे हे पाहिले गेले. कित्येक किलोमीटर खोलीवर विजेला वाट देणारा भाग सापडला, आणि तिथे द्रव असावा असा तर्क निघाला. स्थिर समजल्या जाणाऱ्या भूमीत भूकंप का झाला, या कोड्याचा तो एक धागा आहे. चुंबकमापी असा उपयोगी पडतो: जमिनीचा एक्स-रे म्हणून. त्याच्याकडून पंचांग मागितले की तो खोटा पडतो, आणि मग त्याचे खरे कामही लोकांना खोटे वाटू लागते. माझा राग या नुकसानीसाठी आहे.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. समजा माझे सगळे म्हणणे चुकले. समजा सुईने दोन आठवडे आधी सांगितले असते. पुढे काय झाले असते? याचे उत्तर कल्पनेने द्यायची गरज नाही, ते किल्लारीनेच दिले आहे. १९९२ च्या पावसाळ्यानंतर त्या परिसराला धक्के बसत होते. जमिनीतून आवाज येत होते. कुठल्याही चुंबकमापीपेक्षा मोठ्या आवाजात जमीनच बोलत होती. मग धक्के विरळ झाले. माणसे किती रात्री अंगणात काढणार? पुढच्या वर्षी, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ती माणसे घरातच झोपलेली होती.

घरे कशी होती, ते त्या भागातल्या कोणालाही विचारा. दोन-अडीच फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये भरताड. वर माळवद, गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षे मातीचा थर वाढवत नेलेला. ऊन अडवायला झकास घर. जमीन हलली तशी भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि वरची टनभर माती झोपलेल्यांवर आली. कोयनेचा भूकंपही, ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी आला होता. दोन्ही वेळा माणसे मारली ती छपराखालच्या भिंतींनी.

भूकंपाच्या नकाशावर तेव्हा लातूरचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. २००२ च्या सुधारणेत ते पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि लातूर तिसऱ्या क्षेत्रात आले. किल्लारीने शिकवलेला धडा हा होता: दिवस सांगता येत नाही, पण कुठे किती हलू शकते हे सांगता येते, आणि भिंत त्या बेताने बांधता येते. भिंतीच्या दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड, दारा-खिडक्यांच्या वरून घरभर फिरणारा सलग काँक्रीटचा पट्टा, कोपऱ्यांत सळया, हलके छप्पर. कमी ताकदीच्या दगडी बांधकामासाठी भारतीय मानक आहेच, आणि योगायोग असा की तेही १९९३ सालचेच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

त्या वक्त्यांना माझी एकच विनंती आहे. चुंबकाचे व्याख्यान अवश्य द्या, पार्कफील्ड न गाळता द्या. पण पुढच्या ३० सप्टेंबरला व्यासपीठावर एक खुर्ची गवंड्यासाठी ठेवा. त्याच्यासमोर दगड आणि माती ठेवा, आणि आरपार दगड कसा घालतात, किती अंतरावर घालतात, हे त्याला सगळ्यांसमोर रचून दाखवायला सांगा. आणि त्या दिवशी आभारप्रदर्शन थोडे लांबवून प्रश्नोत्तरांना वेळ ठेवा. त्याला विचारण्यासारखे लोकांकडे बरेच काही आहे.